गाठ नसतानाही स्तनाचा कर्करोग होतो, हे मालिकेत दाखवतात ते खरे आहे का?

तुम्ही वर्णन केलेल्या मालिकेत एका बाईचा लाल झालेला, सुजलेला स्तन पाहताच डॉक्टर कर्करोग ओळखतात आणि त्याच रात्री तिला ऑपरेशनला नेतात. आजार खरा आहे. वेळ आणि उपचारांचा क्रम मात्र चुकीचा आहे. मी नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोप्सीचे, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यांचे, नमुने हाताळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या आजाराला इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर म्हणतात. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण १ ते ५ टक्के आहे. पुष्कळदा हाताला गाठ लागतच नाही, कारण कर्करोगाच्या पेशी त्वचेतल्या बारीक लसिकावाहिन्या (लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) तुंबवतात. द्रव साचून त्वचा फुगते, पण रोमरंध्रांपाशी ती आत ओढलेलीच राहते आणि संत्र्याच्या सालीसारखे खळगे दिसू लागतात. ही उपमा वैद्यकाच्या पुस्तकांतलीच आहे, आणि आपल्या गावात ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

मालिकेतल्यासारखे पाहताक्षणी निदान मात्र क्वचितच होते, कारण हे सगळे संसर्गासारखेच दिसते. माझ्या थोरल्या वहिनी तेव्हा ५२ वर्षांच्या होत्या, म्हणजे अंगावर पाजताना होणाऱ्या संसर्गाचा प्रश्नच नव्हता, तरी त्यांना लागोपाठ दोनदा अँटिबायोटिक दिले गेले आणि पाच आठवडे वाया गेले. त्याचा राग मला अजून आहे. आठवडा-दहा दिवसांत औषधाने उतार पडला नाही, तर बायोप्सीचा आग्रह धरावा; मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) काही दिसले नाही म्हणून थांबू नये. निदान झाल्यावरही यात आधी केमो, मग ऑपरेशन आणि त्यानंतर रेडिएशन हाच नेहमीचा क्रम असतो.

वहिनींचा नमुना आमच्याच लॅबमध्ये आला. नमुना टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या बाटलीत तळाशी तांदळाच्या दाण्याएवढा त्वचेचा तुकडा होता. लेबलवरचे नाव वाचून मी बाटली सहकाऱ्याच्या हाती दिली. तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पक्का होऊन, मेणात बसवून, त्याचे पातळ काप रंगवून स्लाइड तयार होईपर्यंत दुसरा दिवस मावळला. कोणते औषध लागू पडेल हे ठरवणाऱ्या हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू या पेशींतल्या प्रथिनांच्या तपासण्यांना आणखी चार दिवस लागले. त्या चारही संध्याकाळी दादा धंतोलीतून फोन करून एकच विचारत होता, "झालं का रे?"