ख्यालाच्या श्रोत्याने प्रोग्रेसिव्ह रॉक कोठून ऐकावे?

प्रश्न : मी अनेक वर्षे सवाई गंधर्व महोत्सवात ख्याल ऐकत आलो आहे. माझा मुलगा सत्तरच्या दशकाच्या आरंभीचे प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे दीर्घ आणि गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक संगीत, ऐकण्याचा आग्रह करतो. सुरुवात कोणत्या अल्बमपासून करावी?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ‘येस’ या ब्रिटिश बँडच्या १९७२ सालच्या ‘क्लोज टू द एज’पासून करावी. त्यातील सुमारे १८ मिनिटांच्या शीर्षकरचनेने तबकडीची पहिली बाजू पूर्ण व्यापली आहे. पक्ष्यांच्या आवाजांतून अकस्मात उसळणारी गिटार, मध्यभागी लय जवळजवळ थांबवून बँडचे कीबोर्डवादक रिक वेकमन यांनी वाजवलेला चर्चचा ऑर्गन आणि त्यानंतर नव्या तेजाने परतणारी मूळ धून, हा प्रवास संथ लयीतला विलंबित ख्याल ऐकण्याचा संयम असलेल्या कानाला निश्चित भावेल. मात्र येथे ख्यालासारखी उत्स्फूर्त बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार) शोधू नये, कारण ही रचना स्टुडिओत तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित करून जोडलेली आहे. तिचे सौंदर्य बांधणीत आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते. पहिल्या काही मिनिटांचा गजबजाट ऐकून कृपया थांबू नये.

त्यानंतर ‘जेथ्रो टल’ या बँडचा ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ (१९७२) घ्यावा. त्यात दोन्ही बाजूंवर मिळून एकच रचना आहे आणि इयन अँडरसन यांची बासरी आपल्याला लगेच जवळची वाटेल.