तिनं चेकपॉइंटवर सांगितलं होतं का?

प्रश्न : ताई, मी 39 वर्षांची आहे. डोंगरात धावणाऱ्यांच्या आमच्या क्लबमध्ये बरीच वर्षं आहे. दर बुधवारी संध्याकाळी चढाचा सराव, नंतर सगळ्यांचं तास-दीड तास गप्पा मारत बसणं, महिन्या-दोन महिन्यांनी शर्यत. माझी सगळी जवळची माणसं याच क्लबातली. त्यातली सर्वांत जवळची जी मैत्रीण, तिच्याबद्दलच लिहितेय.

गेल्या शर्यतीत शेवटच्या माथ्यावर दाट धुकं होतं. उतरताना घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, दुसऱ्या क्लबचा एक मुलगा बसलेला दिसला. घोटा मुरगळून टम्म सुजला होता, पाऊल टेकवत नव्हतं. मी थांबले. मागून ती आली. क्षणभर वेग कमी करून म्हणाली, “तू आहेस ना इथं? मग मी निघते.” आणि गेली. मी माझं विंडचीटर त्याच्या अंगावर घातलं, बसून राहिले. आणखी तीन-चार जण शेजारून गेले. अर्ध्या तासानं खालून दोन स्वयंसेवक आले, त्यांच्या हाती त्याला सोपवून मी उतरले. माझा नंबर पार तळाला गेला. मी वेळेत पोचले असते तर आमचा महिला संघ पहिला आला असता, तो दुसरा आला. बक्षीस घेताना ती हसत होती, सगळे टाळ्या वाजवत होते. मला उशीर का झाला हे एकानंही विचारलं नाही.

त्यानंतर मी बुधवारी सरावाला जाते, पण गप्पांना न थांबता घरी येते. तिचे दोन मेसेज आले, मी उत्तर दिलं नाही. आता कॅप्टननं रिलेसाठी आमच्या दोघींची जोडी लावली आहे. नाही म्हणू का? की क्लबच सोडू?

उत्तर : तुझ्यापेक्षा मी बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही तुझ्या मैत्रिणीचा रागच आला. परत वाचताना मात्र एका वाक्याशी अडले. “अर्ध्या तासानं खालून दोन स्वयंसेवक आले.” अगं, ते आले कसे? धुक्यात, घसाऱ्याच्या वर, नेमके तुमच्यापर्यंत? त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. तो निरोप तुझ्या मैत्रिणीनं दिला असेल, किंवा नंतर गेलेल्या तीन-चार जणांपैकी कुणी. तुला ते माहीत नाही, आणि तू विचारलेलंही नाहीस. तुझा सगळा राग या एका न विचारलेल्या प्रश्नावर उभा आहे.

डोंगरात कुणी जखमी झालं आणि पोचलेली माणसं दोन असली, तर दोघांनी तिथं बसून राहण्यात शहाणपण नसतं. एकानं थांबायचं, दुसऱ्यानं जखमीचा बिब नंबर (छातीवरचा क्रमांक) आणि जागा नीट लक्षात ठेवून पुढच्या चेकपॉइंटला, म्हणजे वाटेवरच्या स्वयंसेवकांच्या चौकीला, जायचं. फोनला रेंज नसेल तर मदत येण्याचा हाच भरवशाचा मार्ग. तेव्हा “तू आहेस ना इथं? मग मी निघते” या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, “तू सांभाळ, मी खाली सांगते.” दुसरा, “तू अडकलीस, मी सुटले.” तू दुसरा धरलास. तो खरा असेलही. पण उतारावर दमलेल्या माणसाच्या तोंडून पूर्ण वाक्य निघत नाही हे तुला मी सांगायला नको. घसाऱ्यावर नजर चार पावलांपुढच्या दगडावर खिळलेली असते, मांड्या पेटलेल्या असतात आणि थांबायचं म्हटलं तरी पाच-सहा पावलं पुढे जाऊन थांबता येतं. तिनं वेग कमी केला, बोलली. बाकीचे तीन-चार जण तेवढंही न करता गेले, आणि त्यांच्यावर तुझा राग नाही! कारण उघड आहे, ते तुझे कुणी नाहीत.

याचा अर्थ मी तिची वकिली करते असं समजू नकोस. शर्यतीत ती निघून गेली ते एक वेळ बरोबर ठरेल. नंतरचं नाही. समाप्तीला पोचल्यावर तिनं तुझी वाट बघायला हवी होती. “त्या मुलाचं काय झालं? तू गारठली नाहीस ना?” एवढं विचारायला किती वेळ लागतो? बक्षीस घेताना “आमची एक जण वर थांबली म्हणून ती या निकालात नाही” हे एक वाक्य तिनं माईकवर म्हटलं असतं, तर तू मला हे पत्र लिहिलं नसतंस. तुला लागलंय ते इथं. बाई निघून गेली याचं दुःख कमी आहे, परत येऊन विचारलं नाही याचं जास्त आहे. बोलशील तेव्हा याच मुद्द्यावर बोल.

पहिल्या नंबराचंही वाईट वाटलंय, ते स्वतःशी कबूल कर. डोंगरी शर्यतींत संघाचा निकाल बहुधा ठरावीक सदस्यांच्या क्रमांकांची बेरीज करून काढतात, बेरीज जितकी कमी तितका संघ वर. तू तळाला गेलीस, मोजणीत दुसरी कुणी धरली गेली, आणि हातातलं पहिलं बक्षीस निसटलं. वर्षभर चढ घासणाऱ्या बाईला ते लागणारच. भल्या माणसानं नंबराचा विचार करू नये, असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढ. नंबर हवा असूनही तू थांबलीस.

आणि थांबलीस ते किती मोलाचं होतं, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी सांगते. धावताना अंग इतकी उष्णता तयार करतं की धुक्यावाऱ्यातही पातळ टीशर्ट पुरतो. माणूस बसला की ती भट्टी विझते. घामानं भिजलेला कपडा आणि वारा मिळून अंगातली ऊब भराभरा ओढून नेतात. आधी थरथर, मग बोलण्यात अडखळणं, मग आपल्याला काही झालंय हेच न कळणं. चीनच्या गान्सू प्रांतात 22 मे 2021 रोजी 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. 172 धावपटूंपैकी 21 जण गारठून मरण पावले. त्या दिवशी सहा जणांचे जीव वाचवले ते एका मेंढपाळानं. गुहेत नेऊन, आग पेटवून. त्याचा शर्यतीशी काही संबंध नव्हता. मुरगळलेला घोटा स्वतः कुणाला मारत नाही, घोट्यामुळे माणूस जागेवर अडकतो आणि धोका तिथून सुरू होतो. तू त्याच्या अंगावर घातलेलं विंडचीटर हा त्या दिवसातला सर्वांत शहाणा निर्णय होता. (एक मात्र सांग, ते त्याला दिल्यावर तुझ्या अंगावर काय होतं? पुढच्या वेळी शेजारून जाणाऱ्या एकाला हक्कानं थांबव आणि त्याचं जास्तीचं जॅकेट मागून घे. पाठपिशवीतली शिट्टीही असतेच की. एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा. डोंगरातला हा मदतीचा इशारा आहे.)

आता तुझ्या वागण्याबद्दल. कुणी विचारलं नाही, खरं. पण तू सांगितलंस का? तळाला आलेल्या माणसाला लोक मुद्दाम विचारत नाहीत. आज जमलं नसेल, कशाला खपली काढा, असा त्यात संकोच असतो. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतल्या अर्ध्या लोकांना तू वर थांबली होतीस हे आजही माहीत नसेल. आणि मैत्रिणीच्या दोन मेसेजना तू उत्तर दिलं नाहीस. त्यांत काय होतं हे मला लिहिलं नाहीस, यावरून मला जरा शंका येते. कदाचित तिला विचारायचंच असेल. अबोला धरणाऱ्याला वाटतं समोरच्याला कारण ठाऊक आहे. बहुतेकदा ते त्याच्या गावीही नसतं.

क्लब सोडू नकोस. सराव करून गप्पांआधी निघून जाणं हे अर्धं सोडणंच आहे, आणि त्यात नुकसान तुझंच. बाहेरच्यांना वाटतं डोंगरात धावणं हा एकट्याचा छंद. तुम्हाला माहीत आहे की तो तसा नाही. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये बॉब ग्रॅहम नावाच्या गृहस्थानं 1932 साली 24 तासांच्या आत 42 शिखरं पालथी घातली. आजही तो फेरा पूर्ण केला असं मान्य व्हायचं तर प्रत्येक शिखरावर सोबती हजर असावा लागतो. सामान उचलणारे, वाट दाखवणारे, रात्री बॅटरी धरून पुढे चालणारे हे सोबती विनामोबदला येतात. आज हा त्याच्यासाठी, उद्या तो याच्यासाठी. या खेळाची घडणच अशी आहे. बुधवारच्या गप्पांतच ठरतं की कुणासोबत रात्री डोंगरावर जायचं.

तर तिच्याशी बोल. मेसेजवर नको, आणि सगळ्यांच्या घोळक्यात तर मुळीच नको. सरावाआधी सपाटीवर हळू पळत अंग मोकळं करता ना, तेव्हा तिला बाजूला घे. शेजारी शेजारी धावताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, अवघड बोलणं सोपं जातं. चढ लागायच्या आत मात्र संपव, नंतर भांडायलाही श्वास उरत नाही. पहिला प्रश्न सरळ विचार : “त्या दिवशी खाली पोचल्यावर तू चेकपॉइंटवर सांगितलंस का?” आवाजात आरोप नको, खरंच माहिती हवी असल्यासारखं विचार. उत्तर ऐकेपर्यंत पुढचं काही बोलू नकोस.

हो म्हणाली, तर स्वयंसेवक तिनंच पाठवले. मग तिला सांग की शर्यतीनंतर तू विचारलं नाहीस याचं मला वाईट वाटलं. त्यावर ती ओशाळेल किंवा हुज्जत घालेल. ओशाळली तर जोडी मोडायचं काही कारण नाही.

नाही म्हणाली, किंवा “तू होतीस की” म्हणून उडवून लावलं, तर जोडी नको. रिलेच्या जोडीच्या टप्प्यात दोघींना प्रत्येक चौकीवर एकत्र पोचावं लागतं. धुकं आलं तर एकीचं लक्ष होकायंत्रावर आणि दुसरीचं पायवाटेवर हवं. ही आपल्याला टाकून जाईल अशी धाकधूक मनात ठेवून कुणी घसारा उतरू नये. कॅप्टनला एवढंच सांग, “माझी जोडी बदल.” कारण विचारलं तर “आमचं जमत नाही” पुरे. मैत्री तोडायची गरज नाही; गप्पांना जी माणसं चालतात ती सगळीच दोराच्या दुसऱ्या टोकाला चालतात असं नाही.

एक काम मात्र दोन्ही परिस्थितींत कर. कॅप्टनला वेगळं गाठून सांग की शर्यतीआधीच्या सूचनांमध्ये जखमी दिसला तर कुणी थांबायचं आणि कुणी चौकीवर कळवायचं, हे स्पष्ट सांगायला हवं. मैत्रिणीचं नाव न घेता. “तीन-चार जण शेजारून गेले” हा मैत्रिणीहून मोठा मुद्दा आहे, आणि त्यांतले काही तुमच्याच क्लबचे नव्हते ना, हेही पाहा.

कॅप्टनला जोडीचं उत्तर तिच्याशी बोलून झाल्यावरच दे. त्या दोन मेसेजना मात्र आजच उत्तर पाठव : “बुधवारी जरा लवकर ये.”