पाणी कुठवर आलं होतं ते आधी विचारा

या महिन्यात आलेले निम्मे प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, कोल्हापूरला राहायला येतोय, एरिया कुठला बघू. म्हणून यावेळचं सगळं सदर घरालाच दिलंय. लोणच्याला बुरशी का येते विचारणाऱ्या वहिनींनी महिनाभर कळ काढावी.

प्रश्न : ताई नमस्कार. मी वकील आहे, सध्या ठाण्यात राहतो, मूळ गाव सांगलीकडचं. मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून निम्मं काम कोल्हापुरात आलंय आणि दर आठवड्याची ट्रेन-बस आता झेपत नाही, म्हणून कुटुंबासकट शिफ्ट व्हायचं ठरवलंय. मिसेसचं काम घरून असतं, मुलगा सातवीत. एजंटने नागाळा पार्कात तळमजल्याचा फ्लॅट दाखवला, पुढे छोटी बाग, कोर्ट दहा मिनिटांवर, मिसेसला फार आवडलाय. पुराचं विचारलं तर म्हणाला, "पाणी रस्त्यापर्यंतच येतं साहेब." घेऊ का? विकतच घ्यायचा विचार आहे.

उत्तर : वकीलसाहेब, या या, तुमच्यासारखे बरेच जण यायलेत. १८ ऑगस्ट २०२५ ला बेंचचं काम सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांच्या फायली इकडं वळल्या, तेव्हापासून सीपीआर हॉस्पिटलच्या आसपास काळा कोट घालून पार्किंग शोधणारी माणसं रोज दिसतात.

आता तुमचा फ्लॅट. "रस्त्यापर्यंतच येतं" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, त्याच भागात, भाड्यानं घर घेताना, आणि आमच्या घरमालकांनी वर २००५ च्या पुराचा दाखला पण दिला होता. मग २०१९ चा ऑगस्ट आला. आम्ही दारात विटा आणि वाळूची पोती रचून बसलो होतो, सगळं लक्ष दाराकडं, आणि रात्री अकराच्या सुमाराला मोरीतनं गुडगुड आवाज आला, जाळीवरचं झाकण हललं आणि पाणी आतनंच वर आलं. दारातनं आलंच नाही आधी. फ्रीज डायनिंग टेबलवर चढवेपर्यंत घोट्याच्या वर, सकाळी गुडघ्याला. नंतर बहिणीकडं राजारामपुरीत राहिलो, परत आलो तर भिंतीवर स्विचबोर्डाच्या वर चॉकलेटी रेघ आणि कपाटाचं प्लाय पाव फुगावा तसं फुगलेलं. तो वास दिवाळीपर्यंत गेला नाही. २०२१ ला परत तेच झालं, तोवर आम्ही तिथनं निघालो होतो म्हणून वाचलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं पूर म्हणजे नदीकाठचा विषय. पण आपल्याकडं जयंती नाला शहराच्या मधनं वाहत जाऊन पंचगंगेला मिळतो, आणि नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढं जायच्या ऐवजी मागं सरकतं, त्यामुळं नदीपासून लांब असलेली शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, लक्ष्मीपुरीचा सुतारमळा पाण्यात जातो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका, आणि २०१९ आणि २०२१ ला दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. जुलैत इथं माणूस उठल्या उठल्या क्रिकेटचा स्कोअर बघावा तसा "आज किती फूट?" बघतो, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले ते बघतो, आणि मग चहा घेतो. तुम्हाला पण सवय लागेल.

त्यामुळं एजंटला विचारू नका, मालकाला तर नकोच. त्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला नाहीतर किराणा दुकानदाराला विचारा, "एकोणीसला कुठवर आलं होतं, एकवीसला कुठवर?" तो तोंडानं सांगणार नाही, उठून भिंतीवर हात ठेवून दाखवेल. ते माप खरं. बिल्डिंगमध्ये गेला की लाईटचे मीटर कुठं आहेत बघा, पार्किंगमध्ये असायला पाहिजेत ते उचलून पहिल्या मजल्याच्या जिन्यात नेले असतील तर समजून जावा. पार्किंगच्या भिंतीला छातीएवढ्या उंचीपर्यंतच नव्या टाईल्स लावल्या असतील तरी तेच. आणि वरचा मजला घेतला म्हणजे सुटलो असं पण नाही, घर कोरडं राहील पण लाईट बंद, लिफ्ट बंद, मुलाला घेऊन बोटीनं बाहेर यायचं. विकत घ्यायचं असेल तर सिटी सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषा बघून या. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची ती लाल. निळीच्या आत असेल तर बागेसकट सोडून द्या. दोन्हीच्या मधे असेल तर अटी असतात, त्या तुम्ही वकील आहात, तुम्हीच वाचा.

मग राहायचं कुठं. बेंचच्या कायमच्या इमारतीसाठी जागा शेंडा पार्कला दिलीय, म्हणजे आज कोर्टाच्या जवळ म्हणून घेतलेलं घर उद्या लांब पडणार. मी तुमच्या जागी असते तर राजारामपुरी, टाकाळा, प्रतिभानगर, नाहीतर थोडं पुढं सागरमाळ हा पट्टा बघितला असता. उंचावर आहे, पंचगंगेचं पाणी तिथं चढत नाही, युनिव्हर्सिटी जवळ, आणि आत्ताचं कोर्ट आणि शेंडा पार्क दोन्हीकडं जायला बरं. राजारामपुरीत मेन रोडवर मात्र घेऊ नका, संध्याकाळी गाडी काढायची म्हणजे वैताग, आतल्या गल्लीत बघा. परीख पुलाखालनं रोज जायचं असेल तर पावसाळ्यात त्याच्याखाली तळं होतं एवढं ध्यानात ठेवा. ताराबाई पार्क पण चांगला, पण तो सगळा एकसारखा नाही, रमणमळ्याकडच्या उताराला परत तोच इस्त्रीवाल्याचा प्रश्न.

शाळेचं म्हणाल तर मुलाला शाळा जवळ पडेल असं बघा, तुमचं कोर्ट लांब असू दे. ठाण्याच्या मानानं इथलं लांब म्हणजे वीस मिनिटं.

आणि लगेच विकत घेऊ नका हो. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट करा, एक अख्खा पावसाळा इथं काढा, मग घ्या. वहिनींना बाग पाहिजे तर टेरेसवर कुंड्या ठेवता येतात.

प्रश्न : आम्ही दोघेही रिटायर्ड, डोंबिवलीत चाळीस वर्षं काढली, गाव पन्हाळा तालुक्यात. मुलं परदेशात. रंकाळ्याच्या बाजूला फ्लॅट घ्यावा, सकाळी फिरावं, महिन्यातून दोनदा गावी जाऊन यावं असा विचार आहे. कोणी म्हणतं रंकाळा भारी, कोणी म्हणतं वास येतो. ह्यांना गुडघ्याचा त्रास आहे. काय करावं?

उत्तर : काकू, दोघंही खरं बोलतात. सकाळी सहाला पदपथावरनं शालिनी पॅलेसकडं चालत जायचं सुख दुसऱ्या कुठल्या एरियात मिळणार नाही. उन्हाळ्यात पाणी कमी झालं आणि वारा पडला की वास पण येतो, पण अगदी तोंडावरची बिल्डिंग सोडून दोन गल्ल्या आत घेतलं तर तो तुमच्यापर्यंत येत नाही. रविवारी चौपाटीवर भेळ खायला अख्खं गाव येतं, त्या दिवशी पाहुण्यांना बोलावू नका, गाडी लावायला जागा मिळणार नाही. गणपती विसर्जन आता इराणी खणीला असतं, म्हणजे अनंत चतुर्दशीला मिरवणूक तुमच्या बाजूलाच येणार आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. सुनांना फोनवर ऐकवायला छान असतं.

काकांच्या गुडघ्यासाठी नुसती लिफ्ट बघू नका, लिफ्टला बॅकअप आहे का ते विचारा, आणि शक्यतो पहिला मजला घ्या म्हणजे लाईट गेली तरी अडकून पडणार नाही. हरिओमनगर, आपटेनगर, साने गुरुजी वसाहत हा भाग बघा, फुलेवाडी रिंगरोडच्या पुढं मात्र रस्त्याची आणि गटारीची अवस्था स्वतः पावसात जाऊन बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

पाण्याचं एक सांगते. महापुरात बाहेर कमरेएवढं पाणी आणि घरात नळाला थेंब नाही असं इथं झालंय, कारण शिंगणापूर, बालिंग्याचे पंपच पाण्याखाली गेले होते, दुसऱ्या मजल्यावर टँकरचं पाणी घागरीनं चढवलंय लोकांनी. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातनं थेट पाईपलाईन आली त्यामुळं फरक पडलाय, पण बिघाड होतातच, तेव्हा सोसायटीची खालची टाकी मोठी आहे का, बोअर आहे का, हे नक्की विचारा. आणि गावाला जायचं जुलै-ऑगस्ट सोडून ठरवा, केर्लीजवळ पाणी आलं की पन्हाळ्याचा रस्ता बंद होतो, मग तुम्ही इकडं आणि भाऊबंद तिकडं.

दूध पिशवीचं घेऊ नका. संध्याकाळी गंगावेशीत जावा, म्हशी कट्ट्यावर येतात, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात, काकांना तेवढं चालणं पण होईल.

प्रश्न : ताई, मी लातूरचा, कागल पंचतारांकित एमआयडीसीत जॉब लागलाय. सध्या कॉट बेसिसवर राहतो. पाचगावच्या पुढं एक-दीड गुंठ्याचा प्लॉट स्वस्तात मिळतोय, ते म्हणतात आत्ता नोटरी करू, हद्दवाढ झाली की दर डबल होणार. घेऊन ठेवू का?

उत्तर : भावा, नोटरीवर जमीन नावावर होत नाही. खरेदीखत होऊन ते रजिस्टर झालं पाहिजे, आणि सातबाऱ्यावर तुझं नाव चढलं पाहिजे. आधी सातबारा काढून बघ, एका गटात वीस-पंचवीस नावं असतील आणि एनए म्हणजे बिगरशेतीची ऑर्डर, मंजूर लेआउट काहीच नसेल तर तुला बांधकामाला परवानगी मिळताना नाकी नऊ येतील, बँक पण लोन देणार नाही. प्लॉटला रस्ता कुठनं ते कागदावर बघ, जागेवर दिसणारा रस्ता उद्या शेजारी नांगरून टाकतो.

हद्दवाढीचं म्हणशील तर माझ्या केसांचा रंग बदलला तरी ती चर्चा चालूच आहे. पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी, उचगाव हे सगळं बघायला शहरच वाटतं पण ग्रामपंचायतीचं आहे, २०१७ ला त्यासाठी प्राधिकरण केलं त्यात ४२ गावं घेतली. घरफाळ्याची पावती कुणाची येते, पाणी कोण देतं, कचऱ्याची गाडी कुणाची, हे तीन प्रश्न तिथं घर घेणाऱ्या प्रत्येकानं विचारावेत. पाचगाव, आर. के. नगरला पुराचं भ्या नाही, हवा एक नंबर, पण एप्रिल-मे मध्ये टँकरच्या मागं पळायची तयारी ठेव.

आणि तुझा जॉब कागलला आहे ना, मग तुला पाचगाव कशाला रे. उजळाईवाडी नाहीतर गोकुळ शिरगावकडं रूम घे, हायवे हाताशी, कंपनीची बस कुठं थांबते ते बघून त्याच्या पाच मिनिटांवर राहा. प्लॉटचे पैसे बँकेत राहू देत, लग्न ठरल्यावर दोघं मिळून बघा.

प्रश्न : मुलगी मेडिकलच्या परीक्षेला बसतेय. शिवाजी पेठेत चांगलं घर भाड्यानं मिळतंय, मालक सज्जन आहेत. पण पेठेत दंगा असतो म्हणतात. तिचा अभ्यास होईल का?

उत्तर : पेठेतली माणसं जीव लावतात, मुलगी रात्री दहाला क्लासवरनं आली तरी कट्ट्यावरची पोरं बघून असतात, तुम्ही दोन दिवस गावाला गेला तर शेजारीण डबा देईल आणि आल्यावर दोन दिवस कुठं होता याची चौकशी पण करेल. पण आवाज आहे. प्रत्येक गल्लीला तालीम, प्रत्येक तालमीचा गणपती, आणि फुटबॉलचा सीझन लागला की मग विचारूच नका, शाहू स्टेडियमवर गोल झाला की घरात बसून कळतं कुणी मारला. मागच्या बाजूची खोली मिळत असेल तर तिला ती द्या. आणि घर ठरवायच्या आधी त्या गल्लीची टीम कुठली ते विचारून ठेवा, तिची मॅच हरलेल्या दिवशी गल्लीत टाचणी पडली तरी ऐकू येते, अवघड धडे त्या दिवसासाठी ठेवता येतील.