विरोधी पक्षाचा नेता निवडताना माझ्या एका मताने काय फरक पडतो? चौघांपैकी कोणाला द्यावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला राहता, पीआर (कायमचे रहिवासी, पण अजून नागरिक नाही) आहात, आणि ओळखीच्या एका गृहस्थांनी प्रांतातल्या विरोधी पक्षाच्या नेतेपदाच्या निवडणुकीसाठी घरातल्या चौघांचे मेंबरशिपचे फॉर्म आणून दिलेत. पैसे तेच भरणार, नंतर येणारा मतदानाचा पिन फक्त त्यांना कळवायचा. आणि विचारलंय की चार उमेदवारांपैकी प्रीमियरला (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला) हरवू शकेल असा कोण, आणि आपल्या मताने खरंच काही होतं का.

होतं. पण आधी पिनचं. पिन कोणालाही देऊ नका. तो दिलात की तुम्ही मतदार उरत नाही, त्यांच्या यादीतली एक ओळ होता. पैसेही स्वतःच्या कार्डाने भरा. सदस्याने फी स्वतः भरली पाहिजे अशी अट बऱ्याच पक्षांच्या नियमांत असते, आणि एकाच कार्डावरून आठ-दहा सदस्य नोंदले गेले की समोरच्या उमेदवाराची माणसं नेमकी तीच नावं आक्षेपासाठी काढतात. एकच ईमेल, एकच फोन नंबर चौघांना लावला तरी तेच. आपल्याकडे घरातल्या सगळ्यांच्या फॉर्मवर मुलाचा ईमेल टाकायची सवय आहे, ती इथे मत घालवते. आल्बर्टा प्रांतात २०१७ साली युनायटेड कन्झर्व्हेटिव्ह पक्षाची नेतेपदाची निवडणूक झाली तेव्हा जेफ कॅलवे यांच्या प्रचाराला दुसऱ्यांचे पैसे आपल्या नावाने देणगी म्हणून दिल्याबद्दल निवडणूक आयुक्तांनी पुढे अनेकांना दंड केले. सदस्यत्वाची फी ही देणगीपेक्षा वेगळी गोष्ट आहे हे मान्य, पण दुसऱ्याच्या पैशावर आपलं नाव लावायची सवय तिथूनच सुरू होते.

आता फरक कसा पडतो ते. ‘ज्याने जास्त मेंबर केले तो जिंकला’ हे आपल्या लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की मला त्यावर सविस्तर लिहावंच लागेल. ओंटारिओतली २०१८ ची कन्झर्व्हेटिव्ह पक्षाची निवडणूक बघा. पक्ष तेव्हा विरोधात होता. पॅट्रिक ब्राउन यांनी जानेवारीच्या शेवटी राजीनामा दिला, जूनमध्ये सार्वत्रिक निवडणूक ठरलेली. हंगामी नेते विक फेडेली यांनी यादी तपासली तर दोन लाखांच्या वर सांगितले जाणारे सदस्य प्रत्यक्षात १ लाख ३३ हजारांच्या आसपास निघाले. म्हणजे कागदावरचे ढीगभर मेंबर मतदानापर्यंत पोचायच्या आधीच गळाले. नंतर नव्या नोंदणीने आकडा पुन्हा वाढला, पण मतदान दोन टप्प्यांचं होतं: पोस्टाने एक कोड येणार, तो आणि ओळखपत्र वेबसाइटवर चढवायचं, पडताळणी झाली की मग मतदानाचा पिन. कोडची पत्रं अनेकांना उशिरा मिळाली, काहींना मिळालीच नाहीत. मुदत वाढवा म्हणून एक सदस्य कोर्टात गेला, कोर्टाने निकालाच्या आदल्या दिवशी नकार दिला. शेवटी पडताळणी पूर्ण झाली ती ७१ हजारांच्या आसपास लोकांची, आणि मत पडलं ६४ हजारांचं. बाकी सगळे फॉर्म भरलेले, फी भरलेले, आणि निकालात शून्य.

१० मार्चला मार्कममध्ये निकाल होता. लोक तासन् तास हॉलमध्ये ताटकळले, शेवटी त्यांना घरी जायला सांगितलं, कारण काही मतं चुकीच्या रायडिंगमध्ये (मतदारसंघात) मोजली गेल्याचा वाद उभा राहिला होता. रात्री उशिरा डग फोर्ड विजयी जाहीर झाले. तिसऱ्या फेरीत त्यांचे ६,२०२ गुण, क्रिस्टीन एलियट यांचे ६,०४९. आणि एलियट यांना फोर्ड यांच्यापेक्षा सुमारे दोन हजार मतं जास्त होती! जास्त रायडिंगमध्येही त्याच पुढे होत्या, तरी हरल्या. तीन महिन्यांनी फोर्ड प्रीमियर झाले.

याचं कारण गुणांची पद्धत. प्रत्येक रायडिंगला शंभर गुण, ते तिथे पडलेल्या मतांच्या प्रमाणात उमेदवारांत वाटायचे. तुमच्या रायडिंगमध्ये २,००० सदस्यांनी मत दिलं तर तुमच्या मताचं वजन ०.०५ गुण. ज्या रायडिंगमध्ये २०० जणांनीच दिलं तिथल्या एकाचं वजन अर्धा गुण, तुमच्या दहापट. म्हणून ब्रॅम्प्टन, मिसिसागामध्ये एकाच उमेदवाराचे आणखी पाचशे फॉर्म भरले तरी हाती फारसं लागत नाही, कारण तिथे बाकीचे उमेदवारही फॉर्मच भरून घेत असतात आणि वाटणी त्याच शंभर गुणांची असते. उत्तरेकडच्या एखाद्या रायडिंगमध्ये साठ माणसं जमवली तर ती जास्त कामाची. २०१८ मध्ये यावर एक लगामही होता: शंभरपेक्षा कमी मतं पडली तर त्या रायडिंगला जितकी मतं तितकेच गुण. १२४ रायडिंगचे १२,४०० गुण व्हायला हवेत, पण वरच्या दोन आकड्यांची बेरीज १२,२५० च्या आसपास येते, ती याच नियमामुळे.

हा एकदाच झालेला अपघात म्हणू नका. मॅनिटोबात एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या विरोधी कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते म्हणून ओबी खान निवडून आले, गुणांवर, अगदी काठावर. त्यांचे प्रतिस्पर्धी वॉली डॉड्रिक यांना प्रत्यक्ष मतं पन्नासेक जास्त होती. त्याच पक्षात २०२१ मध्ये सरळ मतमोजणी होती. तेव्हा हेदर स्टेफन्सन ३६३ मतांनी जिंकल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे मोजायची पद्धत बदलली की जिंकणारा माणूस बदलू शकतो. फॉर्म भरण्याआधी पक्षाच्या वेबसाइटवर नेतेपदाच्या निवडणुकीची नियमावली असते, ती उघडा आणि आपल्या पक्षात गुण आहेत की सरळ मतं, एवढं तरी बघा. एनडीपीत (न्यू डेमोक्रॅटिक पक्षात) साधारणपणे सरळ मतं मोजतात. तिथे ब्रॅम्प्टनच्या आणि उत्तरेकडच्या टिमिन्सच्या मताचं वजन सारखं. २०१३ साली सस्कॅचेवानमध्ये विरोधात असलेल्या एनडीपीचे नेते कॅम ब्रॉटन हे रायन मीली यांच्यापेक्षा फक्त ४४ मतांनी पुढे होते. चव्वेचाळीस. आपल्या एका गणेशोत्सवाच्या पंगतीत याहून जास्त माणसं एका ओळीत बसतात.

आता पसंतीक्रम, म्हणजे उमेदवारांना एक, दोन, तीन असे नंबर द्यायचे आणि दर फेरीत सगळ्यात मागचा बाद होतो. इथे माझं कित्येकांशी जुनं भांडण आहे. ‘आपला माणूस उभा आहे, फक्त एक नंबर त्याला द्या, खाली काही लिहू नका, दुसरी पसंती दिली की आपल्याच माणसाला फटका बसतो’ असं प्रत्येक निवडणुकीत व्हॉट्सॲपवर फिरतं. हे साफ चूक आहे. तुमची दुसरी पसंती कोणी बघतच नाही, जोपर्यंत तुमचा पहिला उमेदवार बाद होत नाही. तो शर्यतीत आहे तोवर तुमचं पूर्ण मत त्याच्याच खात्यात. तो बाद झाला तरच खालचं नाव वाचलं जातं, आणि तिथे रिकामी जागा असेल तर तुमची मतपत्रिका बाजूला पडते. गुणांच्या पद्धतीत तर याहून वाईट होतं. रायडिंगचे शंभर गुण तसेच राहतात आणि उरलेल्या मतांमध्ये वाटले जातात. म्हणजे तुम्ही गप्प बसलात तेवढं तुमच्या शेजाऱ्याचं मत जड झालं, आणि त्याने कदाचित तुम्हाला अजिबात नको असलेल्या उमेदवाराला दिलंय.

२०१८ चंच बघा. पहिल्या फेरीत एलियट किंचित पुढे होत्या. सगळ्यात आधी तान्या ग्रॅनिक ॲलन बाद झाल्या आणि त्यांची मतं मोठ्या प्रमाणात फोर्ड यांच्याकडे वळली. मग कॅरोलाइन मलरोनी बाद. निकाल ठरवला तो चौथ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना मत देणाऱ्यांनी, त्यांनी खाली कोणाचं नाव लिहिलं होतं त्यावरून. जो उमेदवार तिसरा-चौथा येणार हे दिसतंय, त्याच्या पाठीराख्यांनी तर दुसरी पसंती अजिबात सोडू नये. आणि नेमक्या याच लोकांना ‘एकच नंबर’ शिकवला जातो. शिकवणाऱ्याला नियम माहीत नसतो असं मला वाटत नाही. ‘माझी चारशे मतं मी सांगेन तिकडे जातील’ असं त्याला उमेदवाराला दाखवायचं असतं, आणि तुम्ही स्वतःच्या डोक्याने दुसरा नंबर लिहिलात की ते खोटं ठरतं. समाजाची ताकद वगैरे जे सांगतात ती ही नव्हे. ज्या समाजाची माणसं स्वतः नियम वाचतात आणि स्वतः बटण दाबतात, त्यांच्या घरी उमेदवार स्वतः फोन करतो.

एखाद्याने माघार घेऊन दुसऱ्याला पाठिंबा जाहीर केला म्हणून तुमचं मत आपोआप तिकडे जात नाही, हेही लक्षात ठेवा. ते तुम्ही मतपत्रिकेवर जे लिहाल तिकडेच जातं. आणि माघार घेतलेल्याचं नाव कधी कधी मतपत्रिकेवर तसंच राहतं, म्हणून मत देण्याच्या दिवशी यादी पुन्हा एकदा तपासा.

प्रीमियरला कोण हरवेल? नाव मी सांगणार नाही, पण तुम्ही चुकीची गोष्ट बघताय असं वाटतं. भाषण आणि ओपिनियन पोल यांच्या आधी त्याला स्वतःला विधानसभेत जागा आहे का ते बघा. आल्बर्टात नाहीद नेन्शी जून २०२४ मध्ये ८६ टक्के मतांनी एनडीपीचे नेते झाले, पण विधानसभेत बसायला त्यांना बरोबर एक वर्ष लागलं, जून २०२५ च्या पोटनिवडणुकीपर्यंत. तोवर सभागृहात प्रीमियरला रोज प्रश्न विचारणारं माणूस वेगळं. ओंटारिओ लिबरल पक्षाच्या बॉनी क्रॉम्बी डिसेंबर २०२३ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडून आल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत पक्षाने १४ जागा जिंकल्या पण त्या स्वतः मिसिसागात हरल्या. सप्टेंबरमध्ये नेतृत्वाच्या फेरविचाराच्या मतदानात ५७ टक्के मिळाले आणि त्यांनी पद सोडायचं जाहीर केलं. आल्बर्टात जेसन केनी तर निवडणूक जिंकून प्रीमियर झालेले, तरी २०२२ च्या फेरविचारात ५१.४ टक्के मिळाले म्हणून गेले. निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत. म्हणून उमेदवार किती जणांची दुसरी-तिसरी पसंती आहे हे मला पहिल्या पसंतीइतकंच महत्त्वाचं वाटतं. जो फक्त स्वतःच्या गटाच्या जोरावर काठावर जिंकतो, त्याला हरलेल्यांचे एमपीपी (प्रांताचे आमदार) पुढची दोन वर्षं सुखाने बसू देत नाहीत. किती एमपीपींनी आणि किती वेगवेगळ्या भागांतून पाठिंबा दिलाय ते मोजा. पैसा कुठून येतो तेही बघा, कारण प्रवेश फी मोठी असते (आल्बर्टा एनडीपीने २०२४ ला ६०,००० डॉलर ठेवली होती) आणि ती हप्त्याने असेल तर एखाद्या हप्त्याला एखादा उमेदवार गळतो.

काही गोष्टी राहिल्या. पीआर असताना सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येत नाही, पण बऱ्याच प्रांतीय पक्षांचं सदस्य होता येतं आणि नेता निवडता येतो. वयाची अटही १८ पेक्षा खाली असते, त्यामुळे घरातला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी पात्र असू शकते. तुमच्या पक्षाचा नियम मात्र स्वतः तपासा, कारण असे नियम पक्ष बदलत असतात. एका वेळी दोन प्रांतीय पक्षांचं सदस्यत्व बहुतेक पक्षांना चालत नाही. ओंटारिओ एनडीपीचे सदस्य झालात तर फेडरल, म्हणजे देशपातळीवरच्या, एनडीपीचेही होता. ओंटारिओ लिबरल आणि फेडरल लिबरल मात्र वेगळे पक्ष आहेत, एकाचं कार्ड दुसरीकडे चालत नाही. फॉर्मवर नाव लायसन्सवर आहे तसंच लिहा, मधलं नाव असेल तर मधल्या नावासकट. हल्लीच घर बदललं असेल तर आधी लायसन्सवरचा पत्ता बदला, नाहीतर रायडिंग चुकते आणि २०१८ सारखा घोळ तुमच्या मताचा होतो. सदस्य व्हायची शेवटची तारीख मतदानाच्या कित्येक आठवडे आधी असते. शेवटच्या दिवशी वेबसाइट अडते, म्हणून त्या गृहस्थांना काय उत्तर द्यायचं याचा विचार करत बसू नका, या आठवड्यातच चौघांचे फॉर्म चार ईमेलवरून स्वतः भरून टाका.