समुद्र, तुम्ही दोघं आणि तुमची कुत्री

सोलापुरात जनावरांचा दवाखाना चालवतो. दिवाळी जवळ आली की कोकणाबद्दल विचारणा सुरू होते. या वेळचे चार प्रश्न.

आम्ही नवरा-बायको, एक लॅब्रेडॉर आणि एक गावठी. मे महिन्यात स्वतःच्या गाडीने गणपतीपुळ्याला जाऊ का? (जुळे सोलापूर)

जा, पण मे सोडून. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर ४२ असतं, तिथला पारा त्याच्या खालीच. खरंय, पण तिथली हवा दमट. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो ल्हाल्हा करतो, तोंडातला ओलावा उडतो, तेव्हा अंग निवतं. दमट हवेत ओलावा नीट उडत नाही. शिवाय मे म्हणजे हापूस. चोखून टाकलेली कोय लॅब्रेडॉर अख्खी गिळतो, ती आतड्यात अडकते आणि पोट फाडून काढावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा.

सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. एका दमात नेऊ नका, कोल्हापूरला मुक्काम करा. घाटाच्या सकाळी खाणं देऊ नका, पाणी द्या. तरीही वांती करणारा असेल तर औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्या. आपल्या पर्समधली गोळी नको. चहाला थांबलात तर एकाने गाडीपाशी राहायचं. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते. आणि सांगली-तासगावचा बेदाणा घेतलात तर पिशवी डिकीत. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. शेंगाचटणीतल्या लसणाचंही तेच: प्रेमाने चाटवू नका, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

आमचा पग पोहेल का? (विजापूर रोड)

नाही. चपटं नाक, आखूड पाय, जड डोकं. घोट्याएवढ्या पाण्यात, पट्टा हातात. गळ्यापेक्षा छातीचा पट्टा बरा.

किनाऱ्यावर कशाची भीती? मोकळं सोडू का? आमचा पश्मी आहे. (अक्कलकोट रोड)

पश्मी? मग अजिबात नको. तो नजरेने शिकार करणारा. लांबवर काही हललं की निघाला, मग तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे जाळ्यातून फेकून दिलेला केंड मासा. फुगून टम्म झालेला, काटेरी. कुत्र्याला तो चेंडूच वाटतो. त्याच्या विषाने अंग लुळं पडतं, श्वास थांबतो, उतारा नाही. तोंडात धरलाच तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा. दुसरं खारं पाणी. चेंडू आणताना घोटघोट पोटात जातं, आधी जुलाब होतात, जास्त झालं तर झटके येतात. दर पंधरा मिनिटांनी गोडं पाणी पाजा.

तिसरी भीती कुत्र्याला नाही, कुत्र्यापासून आहे. मी सांगतोय तोच हंगाम ऑलिव्ह रिडले कासवांचा. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत माद्या रात्री येऊन अंडी घालतात आणि कुत्री वास काढून ती उकरतात. तेव्हा अंधारात पट्टा सोडायचाच नाही, आपलं कुत्रं कितीही शहाणं असो.

मिस्टरांना शांतता हवी. कुत्री नेली तर आराम कसला? (होटगी रोड)

कुत्र्यांचं वेळापत्रक धरा, आराम आपोआप मिळतो. उजाडताच तासभर किनाऱ्यावर, मग अंघोळ आणि खाणं. अकरा ते चार ती पंख्याखाली झोपणार. तेवढे पाच तास तुमचे दोघांचे. संध्याकाळी वाळूवर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवून बघा, चटका नसेल तर निघा. दिवसात चार ठिकाणं बघायचा हट्ट असेल तर मात्र कुत्री घरीच ठेवा, माझं स्पष्ट मत.

खोली ठरवताना 'पेट चालेल' एवढ्यावर विसंबू नका. आम्हाला एका ठिकाणी पोचल्यावर कुत्र्यासाठी मागची पडवी दाखवली. रात्रभर मी खुर्चीत आणि बायको खोलीत. कुत्रा खोलीत झोपेल का, अंगणात मालकांचा स्वतःचा कुत्रा आहे का, हे आधी विचारा. रेबीज आणि सात-इन-वन या एकत्रित लसीच्या नोंदींचं लसीकरण पुस्तक गाडीतच असू द्या.

किनाऱ्यावरून आलं की रोज गोड्या पाण्याने धुऊन कान आतून कोरडे करा आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. सोलापूरला परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत कुत्र्याला ताप आला किंवा खाणं सुटलं, तर गोचिडांनी पसरणाऱ्या आजारांसाठी त्याचं रक्त तपासून घ्या. आणि डॉक्टरांना सांगा, कोकणात जाऊन आलोय.