‘स्वभावच तसा’ म्हणून सोडून दिलेली माणसं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं लहान मुलांबद्दल नाहीत, तिशी-चाळिशीतल्या माणसांबद्दल आहेत. ही माणसं शाळेत होती तेव्हा गावात ऑटिझम हा शब्दच पोचला नव्हता. मास्तर ‘घुम्या’ म्हणाले, शेजारी ‘तिरसट’ म्हणाले, घरच्यांनी ‘स्वभावच तसा’ म्हणून विषय संपवला. ऑटिझम म्हणजे जन्मापासूनच मेंदूची वेगळी घडण; माणसांत बोलणं-वागणं आणि आवाज-स्पर्श जाणवणं त्यात वेगळं असतं. त्याला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात, पण आम्ही तो शब्द टाळतो. त्यावरून माणूस स्वतःत बुडून बसला आहे असं वाटतं. पुष्कळांची अडचण नेमकी उलटी असते: बाहेरचा आवाज, उजेड, वास गाळून न येता सगळाच्या सगळा आत येतो.

प्रश्न : वय ३४, पतसंस्थेत कारकून. हिशेब चोख, पण काउंटरवर बसवलं की संध्याकाळी घरी तोंडातून शब्द फुटत नाही. मोबाइलवरच्या एका चाचणीत ऑटिझम असावा असं आलं. या वयात तपासून काय उपयोग, आणि जायचं कुठे? (वाचक, राजापूर तालुका)

मोबाइलवरच्या चाचणीवरून एवढंच कळतं की नीट तपासणी करून घ्यावी. निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. ते बोलण्यातून आणि लहानपणच्या माहितीतून होतं. रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये ऑटिझम दिसत नाही. तुम्हाला जवळचं ठिकाण रत्नागिरी. तिथे जिल्हा रुग्णालय आहे आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. मनोरुग्णालय या नावाला बिचकू नका, बाहेरच्या बाहेर दाखवून घरी येता येतं. निघण्याआधी फोन करून एकच विचारा: मोठ्या माणसांचा ऑटिझम कोण तपासतं आणि कोणत्या वारी? नाहीतर हेलपाटा होतो. फोनचाच त्रास असेल तर घरच्या कुणाला करायला सांगा, त्यात कमीपणा नाही. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

सोबत तीन गोष्टी न्या. तुम्ही पाच वर्षांच्या आतले असताना तुम्हाला पाहिलेलं माणूस, म्हणजे आई, मावशी किंवा आत्या. जुनी प्रगतिपुस्तकं, विशेषतः शेरे असलेली. आणि स्वतः लिहिलेले दहा-बारा प्रसंग. ‘मला लोकांत त्रास होतो’ या वाक्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. ‘काउंटरवर दोघं एकदम बोलले की एकाचंही कळत नाही, मी स्लिप उलटी भरतो, आठवड्यातून चारदा होतं’ असं लिहा. दहा मिनिटांच्या भेटीत बरेचदा चिंता किंवा नैराश्य एवढंच लिहिलं जातं. तेही असू शकतं, त्याचे उपचारही घ्यावेत. पण लोक काय म्हणतील ही भीती वेगळी, आणि लहानपणापासून घरच्या माणसांतही आडून बोललेलं न कळणं, ठरलेलं बदललं की कोलमडणं, शर्टाच्या लेबलाने हैराण होणं वेगळं. बायकांच्या बाबतीत निदान आणखी चुकतं, कारण मैत्रिणींचं बघून बघून त्या हसणं-बोलणं पाठ करून टाकतात.

निदान आणि दिव्यांग प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग जिल्ह्याच्या रुग्णालयात तपासणी होते. तिथे ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकी १ ते ५ गुण. ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. बहुतेक सवलतींना प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. आयुष्यभर वरवर सगळं सांभाळत आलेला माणूस या मोजपट्टीत कमी भरतो. म्हणून तिथे बरा दिवस सांगू नका, नेहमीचा सांगा. प्रमाणपत्र मिळालं नाही तरी निदान खोटं ठरत नाही. काउंटरऐवजी मागच्या टेबलाचं काम मागायला निदानाचा आधारही पुरेसा आहे.

प्रश्न : आमच्याकडे गणपतीला मुंबईहून पंधरा-वीस चाकरमानी येतात. दादा २९ वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं. दरवर्षी दुसऱ्या दिवशी तो कान झाकून ओरडतो, डोकं भिंतीवर आपटतो. पाहुणे म्हणतात, लाडावलाय. त्याला सणात आणायचं की मामाकडे पाठवायचं? (वाचक, कुडाळ)

घर त्याचंही आहे, गणपती त्याचाही आहे. मामाकडे पाठवायचं का, हे त्यालाच विचारा. त्याला राहायचं असेल तर तयारी चतुर्थीच्या आठ दिवस आधी सुरू करा.

पहिली तयारी कागदाची. कोण कधी येणार, कुठे झोपणार, आरती किती वाजता, विसर्जन कुठल्या दिवशी, हे तारीखवार लिहून त्याच्या खाटेजवळ लावा. बदल झाला की जुनी ओळ खोडून नवी त्याच्यासमोर लिहा. आपल्याकडे एकामागून एक आरत्या होतात आणि मग कुणीतरी भजन धरतो. त्याला जाचतं ते हेच, कारण शेवट कुठे ते कळत नाही. म्हणून ‘थोडा वेळ बस’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘पाच आरत्या, मग मंत्रपुष्पांजली, की तू मोकळा’ असं सांगा आणि तेवढ्यावर खरंच मोकळं सोडा. एकदा शब्द मोडलात की पुढच्या वेळी तो माजघरात पाऊल टाकणार नाही.

दुसरी तयारी खोलीची. एक खोली त्याची, आतून कडी असलेली, मंद दिव्याची. पहिल्या दिवशी ती रिकामी असते, दुसऱ्या दिवशी तिथे पाहुण्यांच्या बॅगा येतात, तिसऱ्या दिवशी कुणाचं तरी बाळ झोपवलेलं असतं. घोटाळा तिथेच होतो. दाराला कागद लावा आणि आत्या-मामांना आधीच फोनवर सांगून ठेवा.

कानांसाठी औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. नुसते खुपसले तर काही उपयोग होत नाही. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवायचा. बोळ्यांचा स्पर्श नको असेल तर कानावर बसणारे इअरमफ घ्या. ढोल, झांजा, फटाके यांच्यापुरतेच वापरा. दिवसभर घालून ठेवले तर साधा आवाजही मोठा वाटायला लागतो.

त्याला मोजता येईल असं काम द्या. २१ दुर्वांची एक जुडी, अशा ११ जुड्या, देठ एका बाजूला, दोरा दोन वेळा गुंडाळायचा. पडवीत बसून हे करणारा माणूस सणात असतोच, त्यासाठी आरतीच्या गर्दीत उभं राहावं लागत नाही.

आता ओरडण्याबद्दल. हट्ट मागितलेलं मिळालं की थांबतो. दादाचं जे होतं ते काहीही दिलं तरी थांबत नाही, कारण त्याला काही नकोच असतं. भरलेलं बाहेर पडत असतं. आधी खुणा दिसतात: येरझारा, एकच वाक्य पुन्हा पुन्हा, आवाज खाली जाणं. तेव्हाच ‘खोलीत जाऊ या’ म्हणा. वेळ गेलीच तर एकाच माणसाने जवळ राहावं, बाकीच्यांनी बाहेर जावं. दिवा बंद, मोबाइल बंद, प्रश्न बंद. ‘काय झालं, सांग ना’ हाही त्या वेळी आवाजच असतो. न विचारता हात धरू नका. डोकं आपटत असेल तर भिंत आणि डोकं यांच्यात उशी धरा. शांत झाल्यावर पाणी ठेवा आणि उठा. सावरायला वीस मिनिटं लागतील, कधी अख्खा दिवस जाईल. विसर्जनानंतरचे दोन दिवस कॅलेंडरवर कोरे ठेवा. आधीच्या सावध उपायांनंतरही डोकं आपटणं वाढलं तर डॉक्टरांना दाखवा. कधी कधी मूळ दाढदुखीत किंवा कानात निघतं, आणि दुखतंय हे त्याला नेमकं सांगता येत नसतं.

प्रश्न : एक वैद्य तीन महिन्यांत ऑटिझम पूर्ण बरा करतो म्हणतात, ६० हजार मागतात. (वाचक, श्रीवर्धन)

देऊ नका. ऑटिझम घालवणारं औषध कुठल्याच पॅथीत नाही. झोप, चिंता, फिट्स, चिडचिड यांवर औषधं आहेत, ती मानसोपचारतज्ज्ञांकडून घ्या. तेच पैसे स्पीच थेरपीला (बोलण्या-समजण्याचा सराव) किंवा ऑक्युपेशनल थेरपीला (रोजची कामं जमवण्याचा सराव) लावा.

प्रश्न : आंब्याच्या पॅकिंगला एक पोरगा ठेवलाय. डाग त्याच्यासारखा कुणाला दिसत नाही. पण मधेच ऑर्डर बदलली की काम टाकून निघून जातो. सीझनमध्ये परवडत नाही. (बागायतदार, देवगड)

अशी नजर मिळणं कठीण, तेव्हा माणूस बदलण्याआधी सांगायची पद्धत बदलून बघा. ‘जरा बघून भर’, ‘मोठी मोठी घे’ ही तुमच्या दृष्टीने सूचना, त्याच्या दृष्टीने कोडं. फळीवर खडूने लिहा: पेटीत ५ डझन, फळ २५० ग्रॅमच्या वर, काळा डाग किंवा चीक ओघळलेलं फळ डाव्या क्रेटमध्ये. वजनकाटा त्याच्या हाताशी हवा.

ऑर्डर बदलली तर हातातली पेटी आधी पूर्ण करू द्या. मग तीन गोष्टी सांगा: काय थांबलं, काय सुरू झालं, कधीपर्यंत. तोंडी सांगून झालं की फळीवरचं जुनं पुसून नवं लिहा. शेडमध्ये दोघांनी हुकूम सोडू नयेत, सांगणारा एकच असावा. जनरेटरपासून त्याची जागा लांब ठेवा. तहान लागल्याचं अशा पुष्कळांना वेळेवर जाणवत नाही, आणि एप्रिल-मेच्या घामात मग चक्कर येते. दर तासाला पाणी, हेही फळीवरच लिहा. आणि मजुरी इतरांइतकीच द्या.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीला आलो. मुलगा ३८ वर्षांचा, बोलतो, पण व्यवहार जमत नाही. आमच्यामागे काय? (वाचक, गुहागर)

कागदांत पहिलं मृत्युपत्र. जमीन सामाईक असेल, सातबारावर काका-पुतणे असतील, तर वकिलाकडे याच वर्षी जा. वाटणीचा वाद त्याला एकट्याला झेपणार नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली १८ वर्षांनंतरही कायदेशीर पालक नेमता येतो. त्याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती करते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, म्हणजे तो मनमानी करू शकत नाही. पण सरसकट पालकत्व घेण्याची घाई नको. मुलाला जे स्वतः ठरवता येतं ते त्याच्याकडे राहू द्या. २०१६ च्या कायद्यात ठरावीक कामापुरतं मर्यादित पालकत्व आहे. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत आहे, तीही घेऊन ठेवा.

कागदांइतकंच रोजचं शिकवणं महत्त्वाचं. सकाळच्या पेजेपासून सुरू करा. ‘तांदूळ मऊ झाले की उतर’ हे त्याला कळणार नाही. एक वाटी उकडे तांदूळ, आठ वाट्या पाणी, त्याच वाटीने मोजून. पाऊण तासाचा गजर. मग पळीवर एक दाणा घ्यायचा, गार झाला की बोटात दाबायचा, मधे पांढरा कण दिसला तर आणखी दहा मिनिटं. शिकवताना शेवटाकडून या: पहिल्या आठवड्यात सगळं आईने करावं, त्याने फक्त दाणा दाबून सांगावं. पुढच्या आठवड्यात गजर लावणं त्याच्याकडे, मग पाणी मोजणं. असं केलं की पहिल्या दिवसापासून पेज त्याच्या हातून पूर्ण होते, मधेच सुटत नाही. गॅसचा खटका मात्र या क्रमात धरू नका, तो आधी वेगळा शिकवा: बटण बंद असताना त्याची रेघ जिथे येते तिथे शेगडीवर लाल नेलपॉलिशची खूण करा. दोन्ही जुळल्या म्हणजे बंद.