जॅक लावण्याआधी

पंक्चर चाक बदलताना जॅकला हात लावण्याआधी गाडी सपाट, कडक जागी घे. घाटात उतारावर पंक्चर झालं तर रिम खराब होईल ही भीती सोड आणि हळूहळू सपाटीपर्यंत ने. रिम नवी मिळते रे. हँडब्रेक ओढ, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेव, सगळ्यांना खाली उतरव आणि पंक्चर चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लाव.

नट मात्र चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल कर. उचललेल्या गाडीवर पान्याला झटके दिले की जॅक सरकतो, बहुतेक अपघात मला इथेच होताना दिसतात.

दाराखालच्या पत्र्याच्या कडेला चाकाजवळ दोन खाचा असतात, जॅकचं डोकं बरोबर त्यांच्या मधे बसव. पावसाळ्यात कडेची माती भुसभुशीत असते, तिथे जॅकखाली जाड फळी हवीच. चाक जमिनीपासून सुटलं की स्टेपनी गाडीखाली आडवी सरकव. जॅक निसटला तरी गाडी तिच्यावर टेकेल. गाडीखाली हातपाय घालायचे नाहीत, क्षणभरही नाही.

पंक्चर चाक काढून स्टेपनी बसवलीस की नट समोरासमोरचे आवळ, शेवटचा जोर गाडी खाली आल्यावर. 50 किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून बघ.